चार्ज कोणाकडे?

धाकटा : मी लॅपटॉप नेणार आहे, आणि लपवून नाही, सांगून नेणार आहे. आपण 18 तारखेला कुडाळची गाडी धरणार, 22ला परत. मध्ये 20 तारीख येते. ग्राहकांचं जीएसटीचं 3बी रिटर्न 20 तारखेपर्यंत भरायचं असतं हे माझ्या चौथीतल्या मुलीलाही माहीत आहे, कारण त्या दिवशी बाबा हाका मारूनही जेवायला उठत नाही. हे काम मोबाइलवर होण्यासारखं नाही. दुकानदाराचं रिटर्न ओटीपीवर जातं, पण कंपनी असली की डिजिटल सहीचं टोकन लागतं आणि ते लॅपटॉपलाच लावावं लागतं. म्हणून लॅपटॉप राहिला तर मीही राहिलो, असा हिशेब आहे. तुम्ही तारकर्लीला पुढे जा, मी 21ला येऊन मिळतो आणि 22ला तुमच्याबरोबर परत निघतो. एका दिवसासाठी येणारा बाप आणि पाच दिवस असणारा, पण रोज दोन तास टेबलाशी बसणारा बाप, यातला कोणता चालेल ते सांग.

ताई : तू पर्यायच असे मांडतोस की समोरच्याने तुला हवा तोच उचलावा. ग्राहकाला बरं असतं हे, बहिणीला चालत नाही. आधी तारखा नीट बघू. खरेदीचा ताळा करायचं ते 2बी विवरण 14 तारखेला पोर्टलवर येतं. म्हणजे 14 ते 18 हे दिवस तुझ्या हातात आहेत. 20 ही शेवटची तारीख आहे, मुहूर्त नाही. दुसरं, मी आयुष्यभर बँकेत व्याज मोजलं आहे, तेव्हा ते मोजूनच बोलते. उशिराची लेट फी दिवसाला 50 रुपये, व्यवहारच नसेल तर 20. व्याज वर्षाला 18 टक्के. एखाद्याचा 1 लाखाचा कर दोन दिवस उशिरा गेला तर व्याज 100 रुपयांच्या आत, वर लेट फीचे 100. तू ज्या संकटापायी लॅपटॉप नेतोस ते माणशी 200 रुपयांचं संकट आहे. समुद्राकाठच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं काय पडलं ते मी विचारत नाही.

धाकटा : हिशेब बरोबर आहे, ताळेबंद चुकला आहे. 200 रुपये माझ्या खिशातून द्यायलाही मी तयार आहे. पण त्या दुकानदाराला पोर्टलवरून मेसेज जातो, तो शेजारच्या दुकानदाराला दाखवतो, आणि दुपारपर्यंत बाजारात बोलणं होतं की साहेब फिरायला गेले म्हणून दंड बसला. पुढच्या एप्रिलमध्ये दोघंही फाइल परत मागतात. आणि 14 ते 18 म्हणतेस, तर त्या दिवसांत बिलं असतात कुठे? लोक 19च्या रात्री व्हॉट्सअॅपवर बिलांचे फोटो टाकतात. त्यातली अर्धी वाकडी, काहींवर पंख्याची सावली. 2025च्या दिवाळीत 20 ऑक्टोबरची मुदत सरकारने 25पर्यंत वाढवली, तीसुद्धा अगदी तोंडावर. तोपर्यंत आमच्यासारख्यांनी फराळाच्या ताटाशेजारी बसून अर्ध्याहून जास्त रिटर्नं भरूनही टाकली होती. हे कॅलेंडर माझं नाही, ताई. त्यात माझी सुट्टी बसवायची एकच युक्ती आहे, काम बरोबर घेऊन जाणं. विक्रीकराच्या काळात ज्यांच्याकडे मी शिकलो ते रिटर्नच्या आठवड्यात गाव सोडत नसत. कागद, शिक्के, कार्यालयाची खिडकी, सगळं जागेवर जाऊन. मग रिटर्नं हळूहळू ऑनलाइन होत गेली, 1 जुलै 2017ला जीएसटी आला तो तर सगळाच ऑनलाइन, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला महिन्याच्या मध्याला समुद्र बघायची सोय झाली. तू ज्या यंत्रावर राग काढतेस त्याच्यामुळेच मी गाडीत बसणार आहे.

ताई : गाडीत बसशील, पुढे काय होतं तेही बोलू. गाडी रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याच्या बोगद्यात शिरेल. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तेवढा वेळ रेंज नाही. पोरं ओरडतील, मजा येईल त्यांना. तू मोबाइल वर धरून बसशील. तारकर्लीला पोचल्यावर खोलीत पहिली शोधाशोध समुद्र कुठून दिसतो याची होणार नाही, प्लग कुठे आहे याची होईल. डॉल्फिन बघायच्या होड्या सकाळी निघतात आणि तुझे ओटीपीही सकाळीच यायचे, कारण दुकान उघडल्याशिवाय मालक फोन उचलत नाही. दुपारी वीज गेली की होमस्टेच्या मालकाला तू तीनदा विचारशील. आणि हे सगळं चालू असताना तुझी बायको दोन्ही पोरांना घेऊन वाळूत जाईल. तुला वाटेल, ती फिरतेय. खरं तर ती तुला खोली मोकळी करून देत असेल. ज्या दोन तासांचा तू उल्लेख केलास ते तुझे एकट्याचे नाहीत. तेवढाच वेळ तिच्या सुट्टीतून जातो, आणि तो कुठल्याही रिटर्नमध्ये दिसत नाही.

धाकटा : तिला विचारलं मी. ती म्हणाली, घेऊनच ये, नाहीतर पाच दिवस तुझं तोंड बघवणार नाही.

ताई : ही संमती नव्हे रे, अनुभव आहे.

धाकटा : असेल. पण मग आपल्या वडिलांचं, अण्णांचं काय? दिवाळीच्या सुट्टीत आपण आजोळी जायचो तेव्हा ते सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा बरोबर न्यायचेच की. पडवीत सतरंजीवर बसून तपासायचे. लाल पेन आपण लपवायचो. कोणी म्हणालं नाही की मास्तरांनी सुट्टीचा अपमान केला. उलट आजी त्यांच्यासाठी चहा वेगळा करायची. आज तेच काम काचेवर आलं तर एवढा आक्षेप का? आपल्याकडच्या किती घरांत सुट्टी म्हणजे काम सोडून जाणं होतं? शेतकऱ्याने गाय कोणाच्या तरी दावणीला बांधल्याशिवाय देवाला जायचं नाही, दुकानदाराने मुलाला गल्ल्यावर बसवायचं, आणि घरातली बाई तर डबे, औषधं, पोरांचे कपडे यांच्यासकटच सुट्टीला जाते. कामाशिवायची शुद्ध सुट्टी ही पगारी माणसाची कल्पना आहे. ती तुला मिळाली, चांगलं झालं. पण तिच्यावरून सगळ्यांना मोजू नकोस.

ताई : शेवटचं वाक्य मान्य. गठ्ठ्याचं मात्र तू अर्धंच आठवलंस. त्या गठ्ठ्यावर कागदाची चिठ्ठी असायची, आठवी ब, इतके पेपर. सगळ्या घराला दिसायचं की ढीग किती उरलाय. आजी विचारायची, संपत आले का, आणि त्या प्रश्नाला उत्तर असायचं. शेवटचा पेपर झाला की सुतळी बांधून गठ्ठा फडताळात. मग अण्णा नदीवर. त्या गठ्ठ्यात रात्रीतून कोणी नवीन पेपर आणून घालत नव्हतं. तू तीन रिटर्नं भरायला लॅपटॉप उघडशील आणि तेवढ्यात बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट हवा असलेला एक, नोटीस आलेला एक, भाचीचं पॅन कार्ड विचारणारा एक, असे पाठोपाठ येतील. तू नाही म्हणायचा नाहीस, कारण उघडलाच आहे तर हेही करून टाकू. माझा आक्षेप कामावर नाही. ज्या कामाला तळ नाही ते पोरांसमोर उघडण्यावर आहे. बाबा कधी मोकळा होणार हे अण्णांच्या पोरांना कळत होतं, तुझ्या पोरांना कळणार नाही.

धाकटा : हे मला लागलं, आणि लागलं म्हणून वळण देऊन वापरतो. तळ नसलेली गोष्ट लॅपटॉप नाही, मोबाइल आहे. तो तर तू नेऊ देतेसच, स्वतःही नेणार आहेस. नीट बघ. लॅपटॉप उघडायला टेबल लागतं, वीज लागते, सावली लागते. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. म्हणजे तो किनाऱ्यावर येऊच शकत नाही. त्याला वेळ आणि जागा दोन्ही बांधून दिलेली असते. मोबाइल वाळूत येतो, जेवणाच्या पानावर येतो, सोलकढीचा पेला एका हातात आणि तो दुसऱ्यात. लॅपटॉप घरी ठेवला की त्याचं काम नाहीसं होत नाही, ते मोबाइलवर उतरतं. जे मी टेबलावर चाळीस मिनिटांत केलं असतं ते दिवसभर तुकड्या-तुकड्याने करत बसतो. बिलाचा फोटो बोटांनी मोठा करून आकडा वाचायचा, तो ऑफिसातल्या मुलाला फोनवर सांगायचा, त्याने चुकीचा टाकायचा, पुन्हा फोन. घरच्यांना राग येतो तो लॅपटॉपचा, कारण तो दिसतो. झाकण उघडलं की सगळ्यांच्या नजरा वळतात. मोबाइल बघत बसलेला माणूस काय करतोय हे कोणालाच कळत नाही, त्यालाही नाही. मला विचारशील तर नेणारा माणूस जास्त प्रामाणिक आहे.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालावंसं वाटतं. लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवून आलेली आणि हॉटेलच्या लॉबीत उभ्याने मेल टाइप करणारी माणसं कोणी पाहिली नाहीत? धाकट्याच्या या मुद्द्याला उत्तर देणं सोपं नाही. ताईही सरळ उत्तर देत नाही, बाजूने जाते.)

ताई : मी बँकेतली गोष्ट सांगते, मग ठरव. मी करन्सी चेस्टला होते. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 2021 साली तो पुन्हा नीट बांधून दिला, की ट्रेझरी, करन्सी चेस्ट अशा नाजूक जागी बसलेल्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस रजेवर पाठवायचंच. आणि आधी न सांगता. सकाळी सांगायचं, चाव्या द्या, चार्ज द्या, घरी जा. त्या दिवसांत तुझ्या कामाच्या कुठल्याही कागदाला किंवा सिस्टिमला हात लावायचा नाही. सगळ्यांना असते ती साधी ऑफिसची मेल काय ती चालू. हा नियम तुझ्या आरामासाठी नाही बरं का. जो माणूस कधीच खुर्ची सोडत नाही त्याच्या खुर्चीखाली काय आहे ते कळत नाही, म्हणून आहे. मोठमोठे घोटाळे अशा कष्टाळू, कधीही सुट्टी न घेणाऱ्या माणसांनीच दडवलेले असतात. तू घोटाळेबाज आहेस असं म्हणत नाहीये, तसं तोंड करू नकोस. मुद्दा असा की ज्या संस्थेला पैसा सांभाळायचा असतो ती कामाचा भार एका माणसावर टाकणं हा त्या माणसाचा मोठेपणा मानत नाही, धोका मानते. मला पहिल्यांदा घरी पाठवलं तेव्हा मी रोज वाट बघायची की फोन येईल. आला नाही. चेस्ट व्यवस्थित चालली. ते मला फार बरं वाटलं असं नाही. पण ते कळणं गरजेचं होतं. म्हणून तुला माझा एकच प्रश्न आहे, लॅपटॉप नेतोस की नाही हा नव्हे. 18 ते 22 तुझा चार्ज कोणाकडे आहे?

धाकटा : कोणाकडेच नाही. आणि हे निष्काळजीपणाने नाही, जाणून आहे. तुझ्यामागे एवढी मोठी बँक होती. माझ्यामागे एक टेबल, ऑफिसात काम करणारी दोन मुलं आणि एक प्रिंटर आहे. त्यातला मोठा मुलगा हुशार आहे, तो 3बी डोळे मिटून भरेल. पण त्याला सगळे पासवर्ड, सगळ्या मालकांचे नंबर, कोणाची उधारी कुठे अडकते, कोण कधी चिडतो, एवढं दिलं की दोन वर्षांत तो पुढच्या चौकात पाटी लावेल. मीही तेच केलं होतं. तू म्हणशील, मग हे काम नाही, भीती आहे. हो, भीतीच आहे. पण ती वेडगळ भीती नाही. माझ्याकडे विकण्यासारखं एवढंच आहे की फोन केला की मी असतो. फ्रान्सने 2017पासून कायदा लागू केला, ऑस्ट्रेलियाने 2024मध्ये केला, की कामाच्या वेळेनंतर साहेबाला उत्तर न देण्याचा हक्क. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं, आणि खाजगी विधेयकाचा कायदा 1970नंतर आपल्या संसदेत एकदाही झालेला नाही, ते सोड. समजा झाला. मी तो हक्क कोणाविरुद्ध वापरू? माझा साहेब म्हणजे पन्नासेक किराणावाले, दोन हार्डवेअरवाले आणि एक लग्नाचा हॉलवाला. त्यांच्यापासून मला कायदा वाचवणार नाही, आणि त्यांच्यापासून वाचून मी खाणार काय?

ताई : याला माझ्याकडे उत्तर नाही. पेन्शन असलेल्या माणसाने हे बोलणं सोपं आहे, तेही मान्य. पण भीतीच बरोबर न्यायची असेल तर ती लॅपटॉपमध्ये भरून न्यायला हवी का? अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. 2011 साली दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. अपुऱ्या कामाची टोचणी घालवायला ते काम पुरंच करावं लागतं असं नाही; ते केव्हा, कुठे, कसं करणार याचा पक्का आराखडा केला तरी डोकं बरंचसं शांत होतं. मग तू आराखडा कर. कोणाचं रिटर्न कधी, कोणाला आधीच फोन, कोणाचं एक दिवस उशिरा गेलं तरी चालेल. कागदावर उतरव आणि कागद ने.

धाकटा : तोच प्रयोग माझ्या बाजूने लागतो की. माझा आराखडा म्हणजे बॅगेतला लॅपटॉप. तो तिथे आहे एवढ्यावर मला झोप लागते, कदाचित उघडावाही लागणार नाही. तो घरी राहिला तर तुझा कागद खिशात घेऊन मी तारकर्लीच्या खोलीत पहाटे तीनला छताकडे बघत बसेन. पोरांना असा बाप जास्त उपयोगाचा का?

ताई : याच्या उलटंही वाचलं आहे. 2017मध्ये टेक्सासच्या विद्यापीठातल्या मंडळींनी दाखवलं होतं की फोन नुसता टेबलावर असला, बंद असला, तरी माणसाचं लक्ष कमी पडतं.

धाकटा : आणि नंतर इतरांनी तेच करून बघितलं तर प्रत्येक वेळी तसं निघालं नाही. प्रयोग राहू दे. माझं डोकं मला माहीत आहे.

ताई : बरं, राहू दे. मग आपण कुठवर आलो ते बघू. तू नेणार, हे मी जवळजवळ मानलं. लॅपटॉप दिसतो आणि मोबाइल दिसत नाही, हा तुझा मुद्दा मी घरी जाऊनही विसरणार नाही. पण तो मानायचा तर शेवटपर्यंत मान. दिसतो म्हणून तो चांगला, तर त्यातलं कामही दिसलं पाहिजे. निघायच्या आधी जेवताना सगळ्यांना सांग, एवढ्या माणसांची रिटर्नं आहेत, 20ला दुपारी जेवणानंतर बसणार, संपली की झाकण बंद. अण्णांच्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीसारखं. मुलीला मोजायला लाव, तिला आवडेल. आणि त्या वेळी पोरांना कोण सांभाळणार ते तू ठरवायचं, बायकोने आपणहून उठून जायचं नाही. हवं तर मी सांभाळते. आणि झाकण पडलं की मोबाइलवर नवीन बिल घ्यायचं नाही.

धाकटा : पहिलं जमेल. मुलीचं तर फारच जमेल, ती माझ्यापेक्षा कडक आहे. शेवटचं जमणार नाही. 20च्या संध्याकाळी हॉलवाल्याचा फोन आला आणि मी उचलला नाही, तर तो 21ला सकाळी माझ्या ऑफिसात जाऊन बसेल आणि त्या हुशार मुलाशी बोलेल. तिथेच सुरू होतं सगळं.

ताई : म्हणजे शेवटी तुझी सुट्टी त्या मुलावर अडली आहे, माझ्यावर नाही, तुझ्या बायकोवर नाही, लॅपटॉपवर तर नाहीच. त्याला भागीदार करायचं की कायम मुलगाच ठेवायचं, हे ठरवल्याशिवाय तू कुठल्याही समुद्रावर गेलास तरी असाच जाशील.

धाकटा : ते पाच दिवसांच्या सुट्टीसाठी ठरवायचं नसतं, ताई. वीस वर्षांचा धंदा आहे.

ताई : मग कशासाठी ठरवायचं असतं?

धाकटा : माहीत नाही. आत्ता मला एवढंच माहीत आहे की आज 12 तारीख आहे, 2बी परवा येईल, आणि अर्ध्याहून जास्त लोकांची बिलं अजून आलेली नाहीत.